काळी पट्टी आणि २५६ बाईट

बटण सरकवलं की लाल दिवा लागतो. पडद्याच्या वरच्या कडेतून एक भरीव काळी पट्टी हळूहळू खाली उतरते, मधोमध येऊन थांबते, दोन सुरांचा छोटासा आवाज होतो आणि मग काहीच घडत नाही. खेळ सुरू होत नाही, पट्टी हलत नाही, बाकीची बटणं दाबून उपयोग होत नाही. पण त्या पट्टीच्या उजव्या टोकाशी एक इवलंसं वर्तुळ दिसतं आणि त्यात ‘आर’ हे अक्षर असतं. नोंदणीकृत व्यापारचिन्हाची ती खूण. शेजारचं सगळं काळं झालेलं असताना ती खूण मात्र स्वच्छ उमटलेली असते. नादुरुस्त गेम बॉय हातात घेतलेल्या माणसाने सर्वांत आधी या वर्तुळाकडे पाहावं. बिघाड कुठे आहे याचं निम्मं उत्तर तिथे मिळतं, आणि तेही एकही स्क्रू न उघडता.

इथे गेम बॉय म्हणजे निन्टेन्डोचा पहिला, जाडजूड, करड्या रंगाचा. तो २१ एप्रिल १९८९ रोजी जपानच्या बाजारात आला. गुनपेई योकोई आणि सातोरु ओकादा यांच्या गटाने तो घडवला. जुनं, स्वस्त आणि पुरतं मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी वापरलं नव्हतं अशा ठिकाणी वापरायचं, हा योकोईंचा आग्रह होता. म्हणून या यंत्राचा पडदा रंगीत नाही आणि त्याच्यामागे दिवाही नाही. १६० गुणिले १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा आणि चार पेन्सिल सेल, एवढीच सामग्री. हा गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रं विकली गेली. त्यातली पुष्कळ आजही चालतात, आणि हौशी लोक त्यांच्यात फेरफार करतात. मूळ अंधूक पडदा काढून मागून उजेड देणारा नवा पडदा बसवतात, पिवळं पडलेलं कवच बदलतात, जुन्या कॅसेटच्या जागी मेमरी कार्डवर चालणारी फ्लॅश कॅसेट लावतात. एवढं सगळं केल्यावर बटण सरकवावं आणि ती काळी पट्टी उतरावी, हा या छंदातला अगदी नेहमीचा प्रसंग आहे.

ती पट्टी का उतरते हे समजून घ्यायचं तर बटण सरकवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत शिरावं लागतं. मला या सगळ्या विषयातला सर्वांत थक्क करणारा भाग तोच वाटतो.

गेम बॉयच्या मुख्य चिपमध्ये कायमचा कोरलेला एक प्रोग्रॅम आहे. त्याची लांबी फक्त २५६ बाईट. मराठीतलं एक बेताचं वाक्य संगणकात साठवायलाही साधारण तेवढीच जागा लागते. त्यातल्या ५६ बाईट चित्रांनी व्यापल्या आहेत: ४८ निन्टेन्डोच्या नावाच्या आणि ८ त्या गोल खुणेच्या. उरलेल्या २०० बाईटमध्ये यंत्राला जाग आणण्याचं सगळं काम बसवलेलं आहे. कित्येक वर्षं हा प्रोग्रॅम बाहेरच्या कुणालाच वाचता आला नव्हता, कारण काम संपताच तो स्वतःला नजरेआड करतो. शेवटी २००३ मध्ये एका हौशी संशोधकाने चिपचं आवरण उतरवलं, आतला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि एकेक बिट डोळ्यांनी पाहून उतरवून काढला.

तर वीज मिळाली की हा प्रोग्रॅम आधी चित्रांसाठी राखलेली ८ किलोबाईट मेमरी पुसून काढतो. घड्याळाचे ठोके सेकंदाला ४१,९४,३०४ आणि प्रत्येक बाईट पुसायला २८ ठोके, असा हिशेब मांडला तर या साफसफाईला सेकंदाचा साधारण अठरावा भाग लागतो. मग तो कॅसेटकडे वळतो आणि २६० ते ३०७ या पत्त्यांवरच्या ४८ बाईट मागवतो. प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये या जागी निन्टेन्डोच्या नावाचं चित्र ठेवलेलं असतं. ते अवघं ४८ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच. प्रोग्रॅम त्याला दोन्ही दिशांनी दुप्पट मोठं करतो, शेजारी आपल्या पोटातली गोल खूण ठेवतो आणि सगळं मिळून पडद्यावर खाली सरकवत आणतो. नंतर दोन सूर वाजतात, पहिला सुमारे १,०४९ हर्ट्झचा आणि दुसरा २,०८१ हर्ट्झचा. म्हणजे जवळजवळ नेमकं एक सप्तक: षड्ज आणि लगेच तार षड्ज.

एवढं झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. प्रोग्रॅम त्याच ४८ बाईट कॅसेटकडून पुन्हा मागवतो आणि आपल्याजवळच्या प्रतीशी एकेक ताडून पाहतो. एकही चुकली तर तिथेच कायमचा थांबतो. जुळल्या तर त्यापुढच्या २५ बाईटची एक छोटी बेरीज-वजाबाकी करून ती बरोबर येते का हे पाहतो, आणि इथे चूक निघाली तरीही थांबतो. सगळं ठीक असेल तर शेवटची आज्ञा येते. ही आज्ञा २५४ आणि २५५ या पत्त्यांवर आहे, म्हणजे प्रोग्रॅमच्या अगदी शेवटच्या दोन बाईटमध्ये, आणि ती सांगते की हा सुरुवातीचा प्रोग्रॅमच आता बंद करून टाका. बसलेली फांदी तोडावी तसा हा प्रकार आहे, पण पडायला होत नाही. पुढची आज्ञा २५६ व्या पत्त्यावरून घेतली जाते आणि तो पत्ता कॅसेटचा असतो. यंत्राची सत्ता एका पावलात खेळाच्या हाती जाते. ज्याने कुणी ही दोन बाईटची आज्ञा नेमक्या त्या जागी बसवली, त्याच्या कसबाला दाद द्यावी तेवढी थोडी.

ही सगळी रचना कुलूप म्हणून केलेली होती. परवान्याशिवाय कॅसेट बनवणाऱ्याला त्या जागी निन्टेन्डोचं नाव ठेवावंच लागेल, आणि नाव ठेवलं की व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली त्याला पकडता येईल, असा तो विचार. सेगा कंपनीनेही आपल्या यंत्रात असंच काहीसं केलं होतं. तिचं प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेलं आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने सेगाविरुद्ध, अ‍ॅकोलेड कंपनीच्या बाजूने निकाल दिला. यंत्र चालू करायला ती अक्षरं अटळ असतील तर ती वापरली म्हणून दोष देता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. गेम बॉयचं कुलूप मात्र यंत्रात जिथल्या तिथे राहिलं, आणि आज त्याचा खरा उपयोग दुरुस्ती करणाऱ्याला होतो.

कारण असं की पडद्यावर उतरणारं ते नाव यंत्राच्या पोटातून येत नाही, कॅसेटमधून येतं. आणि शेजारची गोल खूण कॅसेटमधून येत नाही, यंत्राच्या पोटातून येते. एकाच ओळीत दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली चित्रं बाजूबाजूला उभी असतात. खूण स्वच्छ आणि नाव बिघडलेलं असेल तर प्रोसेसर, चित्रांची मेमरी आणि पडदा हे तिन्ही धडधाकट आहेत, आणि दोष कॅसेट व तिच्या खाचेच्या दरम्यान कुठेतरी आहे. नावासोबत खूणही फुटलेली असेल तर दोष यंत्रातच शोधायला हवा. नवा पडदा बसवलेल्या माणसाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं आणि तो पडदा पुन्हा उघडायला घेतो. त्याआधी खूण पाहावी.

मग भरीव काळी पट्टी म्हणजे काय? कॅसेट नसेल किंवा तिचा स्पर्शच होत नसेल तर डेटाच्या आठही तारांवर यंत्राला ‘एक’ हाच आकडा दिसतो, आणि चित्रात ‘एक’ म्हणजे काळा ठिपका. त्यामुळे मागितलेल्या ४८ बाईट सगळ्या काळ्या येतात. कॅसेट न लावता गेम बॉय सुरू केला तरी हीच पट्टी दिसते, आणि तेव्हा ती पूर्ण निरोगी यंत्राची निशाणी असते.

याहून बारीक वाचनही करता येतं. कॅसेटला ३२ पिना असतात. त्यांतल्या आठ डेटाच्या आणि सोळा पत्त्याच्या. समजा डेटाची एकच पिन मळली आहे. मग प्रत्येक बाईटमधला एकच ठरावीक बिट चुकीचा ‘एक’ होऊन येईल. नावाच्या चित्रात प्रत्येक बाईट म्हणजे चार ठिपक्यांच्या दोन ओळी, एकाखाली एक. त्यामुळे अक्षरं ओळखू येतील, पण त्यांच्यावर सारख्या अंतराने बारीक काळ्या खुणांची जाळी पसरलेली दिसेल. त्या खुणा ओळींच्या जोडीत वर आहेत की खाली, आणि चौघांत कितव्या जागी आहेत, एवढं पाहिलं की आठांपैकी कोणती तार तुटली हे बोट ठेवून सांगता येतं. तीच तार तुटण्याऐवजी जमिनीच्या तारेला चिकटली असेल, उदाहरणार्थ डाग देताना कथलाचा थेंब पसरला असेल, तर काळ्या खुणांच्या जागी अक्षरांत पांढऱ्या फटी पडतात.

पत्त्याची तार बिघडली की चित्र वेगळ्या तऱ्हेने मोडतं. ठिपके खरेच असतात, पण भलत्या जागी येतात. पत्त्याची पहिली तार अडकली तर शेजारशेजारच्या दोन बाईट एकसारख्या येतात आणि अक्षरांच्या ओळी जोडीजोडीने पुन्हा उमटतात. दुसरी अडकली तर शेजारच्या दोन चौकटी एकमेकींची नक्कल होतात. ऑसिलोस्कोप नाही, मल्टिमीटर नाही, फक्त ९६ गुणिले १६ ठिपक्यांचं एक वेडंवाकडं नाव. १९८९ मधल्या कुणी हे निदानासाठी आखलेलं नव्हतं, आणि तरीही इतकं नेमकं निदान मला दुसऱ्या कुठल्या खेळण्यात माहीत नाही.

एवढं कळलं की पहिला उपाय उघड आहे: पिना पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पिनांवरून फिरवायचा, तो काळा निघेपर्यंत आणि मग स्वच्छ निघेपर्यंत. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी होते त्यांना दुसरा उपाय पाठ असेल, कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची. ती कॅसेट पुढे चालायची हे खरं, पण फुंकरीने नव्हे. काढून पुन्हा बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि स्पर्श सुधारतो. फुंकरीतून जाते ती श्वासातली वाफ, आणि तिने पिना कालांतराने गंजतात. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलेलं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अल्कोहोलची बाटली सहज मिळते. ती घ्यावी.

आता कॅसेट दोनदा वाचली जाते हे पुन्हा आठवू, कारण त्यातून एक विलक्षण गोष्ट निघते. दाखवण्यासाठीचं वाचन सुरुवातीला आणि ताडून पाहण्यासाठीचं वाचन काही सेकंदांनी. पहिल्या वेळी काय आलं होतं याची दुसऱ्या वेळी कुणी चौकशी करत नाही. तैवानमधल्या विनापरवाना कॅसेट बनवणाऱ्यांनी ही फट हेरली. त्यांच्या कॅसेट पहिल्या वेळी स्वतःचं चिन्ह पुढे करत, ते पडद्यावर मिरवे, आणि दुसऱ्या वेळी निन्टेन्डोचं चित्र हजर करून परीक्षा पास होत. दुरुस्ती करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की पडद्यावरचं नाव फुटकं असूनही खेळ नीट सुरू होऊ शकतो, आणि नाव सुबक उमटूनही यंत्र अडकून पडू शकतं. पहिला प्रकार आधुनिक फ्लॅश कॅसेटमध्ये समजण्याजोगा आहे. तिच्यात स्वतःची चिप असते आणि तिलाही जागं व्हायला वेळ लागतो. मेमरी पुसण्याच्या त्या सेकंदाच्या अठराव्या भागात ती तयार झाली नाही तर पहिल्या वाचनाला कचरा हाती लागतो, आणि दुसऱ्या वाचनापर्यंत ती पुरती सावध झालेली असते. दुसरा प्रकार, म्हणजे सुबक नाव आणि मग गोठलेला पडदा, ढिल्या स्पर्शाकडे बोट दाखवतो. पहिल्या वेळी लागला, दुसऱ्या वेळी सुटला.

ज्यांनी पडदा बदलला आहे त्यांच्या वाट्याला आणखी एक दृश्य येतं: पडदा कोरा किंवा नुसताच उजळलेला, पण दोन सूर स्पष्ट ऐकू येतात. इथे कानावर विश्वास ठेवावा. ते सूर निघाले म्हणजे वीज पोहोचली, घड्याळाचा स्फटिक थरथरला, प्रोसेसरने आज्ञा पाळल्या आणि चित्र सरकवण्याचं कामही उरकलं. फक्त ते आपल्यापर्यंत आलं नाही. मूळ गेम बॉयमध्ये दोन मुख्य बोर्ड असतात, मागचा प्रोसेसरचा आणि पुढचा पडद्याचा, आणि त्यांना २१ तारांची एक चपटी रिबन जोडते. प्रत्येक ठिपक्याची छटा दोन बिटांत या रिबनवरून जाते, सोबत कुठे ओळ संपली आणि कुठे चौकट संपली याचे इशारे. नवा पडदा याहून कितीतरी अधिक ठिपक्यांचा असतो, म्हणून त्याच्या बोर्डवरची चिप हे जुने इशारे पकडते, चित्र साठवते आणि मोठं करून मांडते. यातला एखादा इशारा हरवला तर चिप वाट पाहत राहते. रिबन तिरकी बसलेली असणं, खाचेची कडी पुरती न लागणं, एखादा डाग कोरडा राहणं, कारण बहुधा एवढंच असतं.

विजेचा दोष मात्र वेगळाच चेहरा घेऊन येतो. नाव उतरतं, मध्येच पडदा विझतो, नाव पुन्हा उतरू लागतं. किंवा खेळ दहा मिनिटं चालतो आणि यंत्र जरा हलवलं की पहिल्यापासून. फेरफार केलेल्या गेम बॉयमध्ये याचं नेहमीचं उगमस्थान चालू-बंदचं सरकतं बटण. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या आतल्या पत्र्यांवर काजळी धरते. समजा तिथे २ ओहमचा अडथळा तयार झाला आहे. मूळ यंत्र ८० मिलिअ‍ॅम्पियर ओढत असेल तर तिथे ०.१६ व्होल्ट खर्च होतील, ते कुणाला जाणवणारही नाहीत. उजेडाचा पडदा आणि फ्लॅश कॅसेट मिळून २५० मिलिअ‍ॅम्पियर ओढू लागले की तिथेच अर्धा व्होल्ट गळतो. बटण तेच आणि मळही तोच, फक्त यंत्राची भूक वाढली. जुना दोष नव्या भागांमुळे उघडा पडला आणि माणूस नव्या भागांना दोष देत बसतो. सेल काढून, बटणाच्या फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडून ते खूप वेळा पुढेमागे सरकवावं, मग पूर्ण सुकू द्यावं. सेलच्या कप्प्यात निळी-हिरवी बुरशीसारखी भर दिसली तर ती गळलेल्या सेलची करणी. अल्कलाइन सेलमधून अल्क झिरपतं, म्हणून ते पुसायला थोडं व्हिनेगर चालतं, नंतर अल्कोहोल.

कधी बटण सरकतच नाही. मूळ गेम बॉयमध्ये चालू करताना एक छोटा दांडा कॅसेटच्या कोपऱ्यातल्या खाचेत शिरतो, खेळता खेळता कुणी कॅसेट उपटू नये म्हणून. नंतरच्या, फक्त रंगीत गेम बॉयसाठी काढलेल्या कॅसेटना ती खाच नाही. एखाद्या फ्लॅश कॅसेटच्या कवचालाही नसली तर दांडा अडतो. तिथे जोर लावू नये.

आणि कवच उघडं असताना उत्तम चालणारं यंत्र स्क्रू आवळल्यावर मुकं होतं तेव्हा? नवा पडदा जाड असतो आणि रिबनला घडी पडायला जागा उरत नाही. बंद करताना ती चिमटली जाते किंवा एखादा उंच राहिलेला डाग धातूच्या पत्र्याला टेकतो. स्क्रू एकेक करून थोडे थोडे आवळत, दर वेळी सुरू करून पाहिलं की कोणत्या कोपऱ्यात दाब येतो ते कळतं.

सर्वांत चकवणारा दोष शेवटी ठेवला आहे. नाव सुबक, सूर स्वच्छ, परीक्षा पास, आणि खेळ सुरू होताच पडद्यावर कचरा. सुरुवातीच्या प्रोग्रॅमने सगळं तपासलं असं आपण समजतो, पण त्याने एका गोष्टीला हातच लावलेला नसतो. गेम बॉयच्या बोर्डवर ८ किलोबाईटच्या दोन मेमरी चिप आहेत, एक चित्रांची आणि एक कामाची. पहिली वापरली जाते, दुसरीकडे तो २५६ बाईटचा प्रोग्रॅम फिरकतही नाही. त्याला टिपणं ठेवायला प्रोसेसरच्या आतच १२७ बाईटची एक चिमुकली मेमरी पुरते. म्हणून कामाची चिप पूर्ण मेलेली असली तरी नाव दिमाखात उतरतं. हे पडताळायला हौशी लोकांनी छोटे चाचणी-प्रोग्रॅम लिहिले आहेत. फ्लॅश कॅसेटवर घालून ते चालवता येतात. नीट लिहिलेला असा प्रोग्रॅम स्वतःही त्या १२७ बाईटवरच भागवतो, संशयित चिपमध्ये आकडे भरतो, परत वाचतो आणि कोणत्या पत्त्यावरचा कोणता बिट चुकला ते त्याच चार छटांच्या पडद्यावर लिहून दाखवतो.